चरवीभर चीक

दूध गटारात सोडताना फार आवाज होत नाही, पण ज्याने तो एकदा ऐकला त्याच्या कानातून तो जात नाही. तुदाने तो दोनदा ऐकला होता, गेल्या आठवड्यात आणि परवा. टँकरवाला बुअज्जा टाकीच्या खालच्या नळातून काचेच्या नळीत थोडं दूध घ्यायचा, तेवढंच स्पिरिट त्यात ओतायचा आणि नळी हलवून उजेडात धरायचा. दूध चांगलं असलं की काचेवरून गुळगुळीत ओघळतं. परवा काचेला रव्यासारखे कण चिकटले. बुअज्जाने नळी तुदाच्या हातात दिली आणि टाकीचा नळ पुरता सोडला. सगळ्या गावाच्या धारा मशिदीच्या उतारावरून वाहत खाली ओढ्याला मिळाल्या. गावातली कुत्री तेवढी खूश झाली. माणसांचा रोजा होता.

"ताई, आता आणखी एकदा असं झालं तर मी वर येणार नाही," बुअज्जा जाताना म्हणाला होता. "माझ्या मनात आहे म्हणून नाही. डेअरीचा साहेब म्हणतो, त्या डोंगरावरच्या एका गावापायी गाडीची हाडं खिळखिळी करायची, आणि वर नासकं दूध आणायचं. ते गाव वगळ म्हणाला."

वगळ म्हणजे काय, हे तुदाला कुणी समजावून सांगायला नको होतं. टँकर येत नव्हता ते दिवस तिने काढले होते. वसंतात डोंगर हिरवा झाला की गाईंना दुधाचा पूर यायचा आणि ते घ्यायला कुणी नसायचं. कातडी पखाली घुसळून घुसळून बायकांचे खांदे निखळायला यायचे, लोण्याला गिऱ्हाईक मिळायचं नाही, आणि ताक वासरांना पाजावं लागायचं. म्हणून तर तिने सरकारी कचेरीच्या पायऱ्या झिजवून ही थंड टाकी गावात आणली. नवरा मेक्नेस शहरात बांधकामावर होता, घरी ती आणि तिची सासू इज्जा, जिला ती लल्ला म्हणायची. संध्याकाळी सासूचे पाय चेपताना ती तिला टाकीच्याच गोष्टी सांगायची, आणि बहिरी इज्जा त्यातलं निम्मं ऐकून मान डोलवायची. टँकर बंद झाला तर गावाने तिला काय म्हटलं असतं ते सोडा, तिने स्वतःला काय म्हटलं असतं हा खरा प्रश्न होता.

आज दुपार उतरल्यावर असरची नमाज आटोपून माणसं डबे घेऊन टाकीच्या दूधघरापुढे रांगेला लागली. दिवसभराच्या रोज्याने सगळ्यांची तोंडं सुकलेली आणि डोकी तापलेली. तुदा ओट्यावर नळ्या मांडून बसली होती. सकाळचं दूध टाकीत होतं. त्यातला डबा न् डबा तिने सकाळी तपासून घेतला होता. आता संध्याकाळचं तपासायचं, टाकीत ओतायचं आणि टँकरची वाट बघायची. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तुदा आज प्रत्येक डब्यात दोनदा पळी घालत होती.

"दर घरामागे दोन-दोन थेंब दारू," रांगेच्या पुढे उभा असलेला म्हातारा हम्मू म्हणाला. "रमजानच्या महिन्यात. वास नाकात गेला की माझा रोजा मोडतो की राहतो, हे इमामांना विचारलं पाहिजे."

"दादा, तुम्ही नाक वळवा, मी डबा बघते."

"आमची आई बोट बुडवून चाखायची. एका बोटात कळायचं."

"मग चाखा. रोजा तुमचा आहे."

रांगेत जरा हसू फुटलं. हम्मूने नाक वळवलं. त्याचं दूध स्वच्छ निघालं. पुढचं स्वच्छ, त्याच्या पुढचंही. तुदा मात्र प्रत्येक नळी पुन्हा एकदा उजेडात धरत होती. परवाही सगळे डबे असेच स्वच्छ निघाले होते, आणि टाकी मात्र नासली होती. चांगल्यात चांगलं मिसळून वाईट कसं होतं? कुणीतरी तिच्या डोळ्यांत धूळ फेकत होतं, एवढाच त्याचा अर्थ तिला लागत होता.

आणि ते कोण, हेही तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

राभा रांगेत सगळ्यात शेवटी उभी होती. ती खालच्या मैदानी मुलखातून लग्न होऊन आलेली. हिवाळ्यात तिच्या दुधात पाणी सापडलं होतं. तेव्हा तिने पोराच्या औषधाचं कारण सांगितलं होतं, आणि कारण खरंही होतं. पण गावात एकदा नाव पडलं की पडलं. तेव्हापासून तिला पाठीमागे पाणीवाली म्हणत, आणि कधीकधी तोंडावरही.

तिची पाळी आली तेव्हा तुदाने नळी उचललीच नाही.

"राभा, तुझा डबा आज नको."

"का?"

"नको म्हणून."

"तपास तर आधी."

"परवाही तपासला होता. तू काय करतेस ते मला माहीत नाही, पण आज मी जुगार खेळणार नाही. डबा घरी ने."

राभाचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला. तिने डबा खाली ठेवला, हलली मात्र नाही.

"हिवाळ्यात पाणी घातलं, ते मी कबूल केलं," ती म्हणाली. "त्या एका गोष्टीवर किती दिवस जगणार आहेस तू? ठीक आहे. माझा डबा घेऊ नकोस. पण माझा डबा परत पाठवायच्या आधी टाकी तपास. आत्ता, या सगळ्यांसमोर. आज सकाळी माझं पोर तापाने फणफणलं होतं, मी दूध आणलंच नाही. टाकीत माझा एक थेंब नाही. टाकी चांगली निघाली तर मी पुन्हा या ओट्यावर पाय ठेवणार नाही."

"आणि नाही निघाली तर?"

"तर मला काय म्हणायचं ते तू ठरव."

टाकी तपासायचं तुदाच्या मनात कधी आलंच नव्हतं. आत जे जातं ते तपासलेलं, मग आतलं पुन्हा काय तपासायचं? पण सगळं गाव बघत होतं. ती उठली, खालच्या नळातून नळीत दूध घेतलं, स्पिरिट घातलं आणि हलवलं. तिला उजेडात धरावीही लागली नाही. काचेवर कणच कण होते.

"या अल्लाह," रांगेतलं कुणीतरी हळूच म्हणालं.

सकाळचं सगळं दूध गेलं होतं. संध्याकाळचं अजून डब्यांत होतं म्हणून वाचलं, तेही केवळ राभा हटून बसली म्हणून. नाहीतर आत्तापर्यंत तिने स्वतःच्या हाताने सगळं टाकीत ओतलं असतं. ती राभाकडे बघू शकली नाही.

"कोण?" तिने रांगेला विचारलं. "सकाळपासून या टाकीत कुणी काय घातलं?"

अळीमिळी गुपचिळी. बायका शाली सावरत जमिनीकडे बघत होत्या. पुरुष डोंगराकडे बघत होते. दूर खालच्या रस्त्यावर, देवदारांच्या पट्ट्यातून बाहेर पडलेल्या वळणावर, टँकरची काच चमकली.

"तो बघा आला," तुदा म्हणाली. "सहा-सात वळणं राहिली त्याची. तो वर येईल, हा नळ उघडेल, आणि उद्यापासून येणार नाही. तुमच्या गाई आहेत, तुमचीच टाकी आहे. कुणाला माझ्यावर सूड उगवायचा असेल तर माझं घर जाळा, पण गावाच्या दुधात मिठाचा खडा टाकू नका. बोला की."

पण तुदाला एक गोष्ट खटकली. गप्प बसणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर चोरी नव्हती. चोरी तिला ओळखता यायची. हे वेगळंच होतं. नमाजेला उभं राहिल्यावर माणूस जसा हाकेला ओ देत नाही, तसे ते उभे होते.

तेवढ्यात पाठीमागे टाकीचं झाकण वाजलं.

दूधघराला मागून एक दार होतं, डबे झऱ्यावर विसळायला न्यायचं. त्या दारातून तुदाची सासू इज्जा आत आली होती. तिला बाहेरचं काहीच ऐकू गेलं नव्हतं. म्हातारीने शालीखालून फडक्याने झाकलेली चरवी काढली, बिस्मिल्ला पुटपुटली आणि चरवी टाकीच्या तोंडावर वाकडी केली.

तुदाने दोन उड्यांत जाऊन तिचं मनगट पकडलं.

"लल्ला, काय आहे हे?"

"काही नाही. तू पाहिलं नाहीस. सोड."

चरवीत दाट, पिवळंजर्द दूध होतं. बघताक्षणी कळावं असं. तो चीक होता. त्यांच्या घरची तांबडी गाय तीन दिवसांपूर्वी व्याली होती.

"लल्ला, टाकीत चीक घालतेस?" तुदा तिच्या कानाशी ओरडली. "चीक घातला की सगळं दूध फाटतं. डेअरीत तापवलं की त्याचा चोथा होतो."

"हळू बोल." इज्जा खरोखरच घाबरली होती, पण सुनेला नव्हे. "बोलून दाखवलं की फुकट जातं. गप्प बस."

"काय फुकट जातं?"

"दान. आणखी काय?" म्हातारी वैतागली. "वासराचं पोट भरून उरलेला चीक. तो विकायचा नसतो, हे तुला तुझ्या आईने शिकवलं नाही? म्हणून मापात घालत नाही. आणि टाकून तर मुळीच द्यायचा नसतो. एरवी उकळून दुपारी शेजारीपाजारी वाटला असता. पण रमजानात दुपारी खाणार कोण? रोजा सुटला की खजूर आणि वाटीभर हरीऱ्याच्या कढणातच पोट भरतं. शेजारणीला द्यावा, तर तिचीही गाय व्यालेली. मग अन्न वाया घालवू? या महिन्यात? त्यापेक्षा सगळ्यांच्या दुधात जाऊ दे. कुणाच्या तरी मुखी लागेल."

"परवा टाकी नासली ते तुला माहीत होतं ना?"

"होतं की. टाकीला नजर लागली. म्हणून तर आज चरवी गच्च भरून आणली."

हसावं की रडावं असं म्हणतात. तुदाला दोन्ही येत नव्हतं. एका चरवीने एवढी टाकी नासत नाही, हे तिला कळत होतं. आणि मग तिला रांगेतल्या शाली आठवल्या. एवढ्या सुखाच्या उन्हात सगळ्या बायका शाली घट्ट लपेटून का उभ्या होत्या? या पंधरवड्यात निम्म्या गावाच्या गाई व्याल्या होत्या. ती रोज डबे विसळायला झऱ्यावर जायची, तेव्हा मागचं दार उघडंच असायचं. टाकीतली पातळी हिशेबापेक्षा जरा वरच दिसायची. ते तिने पाहिलं होतं, आणि दुधाला बरकत आली म्हणून देवाचे आभारही मानले होते.

ती चरवी घेऊन बाहेर आली. सासू मागून "तुदा, अगं तुदा" करत होती. म्हातारीचं पुण्य तिच्याच सुनेने चव्हाट्यावर आणायचं, ही साधी गोष्ट नव्हती. तिने चरवी ओट्यावर सगळ्यांना दिसेल अशी ठेवली.

"हा माझ्या घरचा चीक," ती म्हणाली. "माझ्या घरातून टाकीत पडत होता. मी दुसऱ्याच्या दारात चोर शोधत होते, आणि तो माझ्याच चुलीपाशी बसला होता. राभाला मी जे बोलले ते माझ्याच तोंडावर पडलं. आता पुण्य गेलं तर माझं जाऊ दे. बाकीच्यांनी बोलू नका. फक्त शालीखाली जे असेल ते इथे ठेवा."

खालच्या वळणावर टँकरचं इंजिन ऐकू येऊ लागलं.

आधी एका पोक्त बाईने शालीतून तांब्या काढला आणि मान खाली घालून ओट्यावर ठेवला. मग दुसरीने, मग तिसरीने. कुणाची चरवी, कुणाचा डबा, कुणाचं मातीचं बोळकं. शेवटी हम्मूने खाकरून झग्याखालून फडक्यात बांधलेली भलीमोठी किटली काढली.

"दादा, तुम्हीसुद्धा?"

"मला काय विचारतेस?" म्हातारा गुरगुरला. "वाटीभराने काय होतंय, असं मी म्हटलं. एवढी मोठी टाकी."

"ही वाटी आहे?"

"गाय मोठी आहे."

सगळ्यांनी हेच म्हटलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही गोष्ट आपण पोरांना सांगतो. या गावाच्या प्रत्येक काखेत एक कळसा होता. एकट्या राभाचे हात रिकामे होते. तिची गाय हाडकुळी, आणि व्यालेली मागच्या शरदात.

"बरं, झालं ते झालं," हम्मू घाईने म्हणाला. "आता डोकं चालवा. बुअज्जा यायच्या आत नळ सोडा. टाकी रिकामी करू, धुऊन टाकू. डबे तेवढे दाखवू. त्याला काय कळतंय?"

दोघंतिघं पुढे झालेसुद्धा. तुदाचाही हात क्षणभर नळाकडे गेला. मी खोटं कशाला सांगू, गेला. गाव वाचवायची सोपी वाट हीच होती. सगळे गप्प राहिले असते, आणि गप्प राहण्यात या गावाचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"सोडायचं कशाला?" राभा म्हणाली. एवढा वेळ ती आपल्या डब्यापाशी तशीच उभी होती. "विष आहे का ते? आमच्याकडे असं दूध उकळतात. फाटलं की मीठ घालून फडक्यात बांधतात. भाकरीशी खातात. पोरं भांडतात त्यासाठी."

तुदा तिच्याकडे बघतच राहिली. मग तिची नजर उतारावरच्या गटाराकडे गेली. परवाचं दूध तिथल्या दगडांवर वाळून पांढरं पापुद्र्यासारखं उरलं होतं. त्यात मीठ घातलं असतं, तर सगळ्या गावाचा रोजा दोन संध्याकाळी त्याच्यावर सुटला असता. पुढच्या गावाचाही. दोन टाक्या. आणि ज्यांनी त्या नासवल्या, त्यांनी अन्न वाया जाऊ नये म्हणूनच नासवल्या होत्या.

"लग्नाच्या कढया काढा," ती म्हणाली. "नळाला कुणी हात लावायचा नाही."

टँकर धापा टाकत वर आला तेव्हा दूधघरामागे तीन चुली पेटल्या होत्या. बुअज्जा उतरला. त्याचे ओठ फुटले होते आणि डोळे मिटायला आले होते. नळी हातात घेऊनच तो टाकीकडे निघाला.

"टाकीतलं देणार नाही," तुदा आडवी आली. "डबे तपास. एकेक करून."

"आणि टाकीत काय आहे?"

मागे रांगेतून हम्मू खाकरला. गप्प बस, असं ते खाकरणं होतं. तुदाने सगळं सांगून टाकलं. चीक, शाली, मागचं दार, आपली सासू, सगळं. तिला वाटलं होतं बुअज्जा चिडेल. तो चिडला नाही, आणि तेच वाईट होतं. त्याने डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, आणि डबे तपासायला बसला.

एक, दुसरा, तिसरा. प्रत्येक नळी तो उजेडात धरायचा आणि सगळं गाव मान उंचावून काचेकडे बघायचं. शेवटी राभाचा डबा उरला. बुअज्जाने नळी हलवली, मावळतीकडे धरली आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवली.

"सगळ्यात घट्ट हेच आहे," तो म्हणाला आणि डबा टँकरात रिता केला.

राभाने तुदाकडे बघितलं. तुदाने कमरेची दूधघराची किल्ली सोडली आणि तिच्यापुढे धरली. "उद्यापासून मागचं दार तू बघ. टाकीही तूच तपास, दुपारी एकदा आणि तो यायच्या आधी एकदा."

"पाणीवालीकडे किल्ली देतेस?"

"मी चुकले, राभा."

"चुकलीस," राभा म्हणाली आणि किल्ली घेतली. "किल्ली ठेवते. माफीचं नंतर बघू."

टँकर निम्माच भरला होता. बुअज्जा वर चढून बसला, पण त्याने गाडी सुरू केली नाही. उद्या येणार की नाही, हे त्याने अजून सांगितलं नव्हतं, आणि विचारायची कुणाची छाती होत नव्हती. तेवढ्यात मशिदीतून मगरिबची बांग झाली. आता रोजा सुटायच्या वेळेला माणूस दारातून उपाशी कसा जाऊ द्यायचा? इज्जाच लगबगीने वाटी घेऊन गाडीपाशी गेली. गरम, खारट, फाटून दाणेदार झालेलं दूध, वर दोन खजूर.

बुअज्जाने खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायला आणि वाटीला हात घातला. पहिला घास त्याने भुकेने खाल्ला. दुसरा सावकाश खाल्ला. तिसऱ्याला तो थांबला आणि गाडीच्या दारातून उताराकडे, वाळलेल्या गटाराकडे बघू लागला.

"हेच होतं?" त्याने विचारलं.

"हेच," तुदा म्हणाली.

"मी ओतलं. दोनदा."

"आम्ही ओतायला लावलं."

मग त्याने वाटी बोटाने निपटून काढली आणि इज्जाला परत दिली. "साहेबाला सांगतो," तो म्हणाला, "गाव नासकं नाही, मुकं आहे. उद्या जरा लवकर येतो. टाकी तपासून ठेवा."

इज्जाला यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं. तिला रिकामी वाटी तेवढी दिसली. तिने ती हातात फिरवली, सुनेजवळ आली आणि कानाशी लागून म्हणाली, "बघ, लागलं ना कुणाच्या तरी मुखी? आता कुणाला सांगू नकोस."

तुदाने मान हलवली आणि वाटी पुन्हा भरायला कढईकडे गेली.